मागे रांग असताना ८० टक्क्यांवर गन काढावी का?

कणकवलीकर (धागाकर्ता)

यंदा गणपतीला गावी जाताना चिपळूणच्या अलीकडे एका हॉटेलाच्या आवारात घडलेला प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. तिथे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ६० किलोवॅटचा एकच चार्जर आहे. त्याला दोन गन (गाडीला लावायच्या केबलची टोके) आहेत, पण एक बंद होती आणि तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. चालू असलेली गन ज्या गाडीला लावली होती तिच्यात कोणी नव्हते आणि चार्जरच्या पडद्यावर ८४ टक्के दिसत होते. आमच्या आधी एक तरुण जोडपे तान्ह्या बाळाला घेऊन थांबले होते. त्यांची गाडी ९ टक्क्यांवर होती. आमच्या मागे आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पस्तीस मिनिटांनी त्या गाडीचे मालक बडीशेप चघळत आले, तेव्हा आकडा ९७ झाला होता. बाळाच्या वडिलांनी अतिशय नम्रपणे विचारले असता त्यांनी उत्तर दिले, "पैसे मोजलेत, शंभर करूनच काढणार." आणि खरोखरच शंभर करूनच त्यांनी गन काढली.

माझा प्रश्न त्या गृहस्थांपुरता नाही. मागे रांग असेल तर ८० टक्क्यांवर गाडी काढावी, असे आपण सगळे एकमेकांना सांगत असतो. पण हा नियम आहे, संकेत आहे, की केवळ सोयीची अपेक्षा आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर माझी पाळी आली तेव्हा मीही ८० वर गन काढली ती सौजन्याने कमी आणि मागच्या दोन गाड्यांतील माणसे टक लावून बघत होती म्हणून जास्त.

घाटवाट

८० झाले की काढावी, यात विचारण्यासारखे काय आहे? महामार्गावरचा चार्जर हा वाटेतला थांबा आहे. तिथे मुक्काम ठोकायचा नसतो.

माठ_आणि_मीटर

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत विषय शिकवत असे, त्यामुळे ८० हा आकडा कुठून आला ते सांगतो. लिथियम-आयन बॅटरीला सुरुवातीला भरपूर प्रवाह देता येतो. सेलचा विद्युत दाब (व्होल्टेज) ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की मात्र तो दाब ओलांडला जाऊ नये म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी कमी करत नेते. नळाखाली हंडा काठोकाठ येऊ लागला की आपण धार बारीक करतो, तसेच हे आहे. ही धार बऱ्याच गाड्यांत ८० टक्क्यांच्या आसपास लक्षात येण्याइतकी बारीक होते, पण नेमकी कुठे ते गाडीगणिक बदलते.

आता धागाकर्त्यांचाच प्रसंग घ्या. त्या गाडीची बॅटरी ४० युनिटांची धरली, तर ८४ पासून ९७ पर्यंतच्या १३ टक्क्यांत साधारण ५ युनिट वीज गेली आणि त्यासाठी पस्तीस मिनिटे लागली. त्याच पस्तीस मिनिटांत ९ टक्क्यांवरच्या गाडीने त्याच गनमधून १६-१७ युनिट सहज घेतले असते, म्हणजे ती पन्नाशीला पोहोचून मार्गस्थ झाली असती. त्या गृहस्थांनी पैसे पाच युनिटांचे मोजले आणि जागा सतरा युनिटांची अडवली. भांडण व्हायचे तर ते या हिशेबावर व्हावे.

सावंतवाडीची_स्मिता

सरांचा हिशेब बिनचूक आहे, तरी माझी असहमती नोंदवते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी मागे रांग पाहून शहाण्यासारखी ८० वर गाडी काढली, कारण पुढे हातखंब्याजवळ चार्जर आहे असे अॅप सांगत होते. तिथे पोहोचले तर झाड पडून तारा तुटल्यामुळे संध्याकाळपासून वीज नव्हती. पुढचा चार्जर चालू होता, पण तिथे एक गाडी आधीच लागलेली आणि दुसरी थांबलेली होती. वातानुकूलन बंद करून, काचा धूसर होताना त्या पुसत पुसत, सासूबाईंच्या जपासोबत मी ३ टक्क्यांवर घरी पोहोचले. तेव्हापासून कोकणात मी ९० केल्याशिवाय निघत नाही आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

पुढचा चार्जर चालू असण्याची खात्री असेल तिथेच ८० चा संकेत शोभतो. दर पन्नास किलोमीटरला चार-चार गन असतील तर मी ६० वरही निघेन.

कणकवलीकर

स्मिताताई, तुमचे म्हणणे मान्य आहे आणि त्यामुळे माझा मूळ प्रश्न थोडा बदलावा लागेल. तुम्ही ९० पर्यंत थांबलात तरी गाडीपाशी असता, मागच्याला कारण सांगता, त्याची निकड विचारता. त्या दिवशी खरा संताप आला तो ९७ या आकड्याचा नव्हता. पस्तीस मिनिटे विचारायला समोर माणूसच नव्हता, त्याचा होता.

रात्रीचा_सारथी

मी पुण्यात इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतो, त्यामुळे या विषयावर आमची बाजू कोणी मांडण्यापूर्वी मीच मांडलेली बरी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी चार्जिंगची सोय आहे आणि सार्वजनिक चार्जर आपण प्रवासातच वापरता. मी ज्या सोसायटीत भाड्याने राहतो तिथे मला पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर लागते. त्यामुळे माझे रोजचे चार्जिंग सार्वजनिक गनवरच होते. माझी बॅटरी २५ युनिटांची आहे. दिवसातून दोनदा, कधी तीनदा भरावी लागते. युनिटला अठरा-वीस रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी देऊन मी शंभरपर्यंत भरतो ते हौसेने नाही. विमानतळाचे भाडे लागले आणि बॅटरीत ७० टक्केच असले, तर परतीचे भाडे सोडावे लागते.

तरीही आम्हा लोकांची एक चूक मी कबूल करतो. रात्री दोन-तीनच्या सुमारास गन लावून आम्ही गाडीतच झोपतो आणि चार्जिंग संपल्यावरही जाग येत नाही. माझ्यापुरते सांगतो, काचेवर टकटक करा. मी रागावणार नाही. बारा तास गाडी चालवलेला माणूस दचकून उठतो, एवढेच लक्षात असू द्या.

शिस्तप्रिय

व्यावसायिक गाड्यांना वेगळे चार्जर असावेत आणि सार्वजनिक चार्जर त्यांना संध्याकाळच्या वेळी बंद ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नाक्यावरच्या चार्जरवर कधीही जावे तर चार टॅक्सी उभ्या असतात.

माठ_आणि_मीटर

शिस्तप्रिय, त्या नाक्यावर चार्जर उभा आहे तोच मुळात त्या चार टॅक्सींच्या जिवावर. आपण महिन्यातून एकदा जातो. तेवढ्या गिऱ्हाइकीवर चार्जर चालवणारी कोणतीही कंपनी जागेचे भाडे भरू शकणार नाही.

घाटवाट

शिवाय रात्रीचा सारथी यांनी निदान झोपलो असे कबूल केले. आमच्याकडे मॉलमधल्या चार्जरवर गाडी लावून लोक तीन तासांचा चित्रपट जागेपणी पाहतात.

महामार्गावरचा_यजमान

कराडच्या पुढे आमचे हॉटेल आहे आणि आवारात एका कंपनीने चार्जर बसवलेला आहे, म्हणून यजमानाची बाजू लिहितो. चार्जिंगसाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले, म्हणूनच माझ्यासारख्याच्या आवारात चार्जर उभा राहू शकला. पण जागा माझी आणि चार्जर कंपनीचा, अशी ही विभागणी आहे. गन बंद पडली तर मी फक्त फोन करू शकतो. शिव्या मात्र गल्ल्यावर बसलेल्या मलाच खाव्या लागतात.

आपण सगळे एकमेकांवर चिडला आहात, पण माझ्याकडे चार्जरच्या जागेवर सर्वांत जास्त वेळ उभी राहते ती डिझेलची गाडी. सावलीतली आणि दाराजवळची जागा म्हणजे तीच. मी आधी फलक लावला, तो कोणी वाचला नाही. मग हिरवा रंग मारला, तेव्हा लोकांना ती खास पाहुण्यांची जागा वाटू लागली. शेवटी सुरक्षारक्षकाला दोन नारिंगी शंकू देऊन तिथे बसवले, तेव्हा कुठे फरक पडला. रविवारी रक्षक जेवायला गेला की अर्ध्या तासात जागा भरते.

दुसरी गोष्ट केबलची. वापरून झाल्यावर गन जमिनीवर टाकून जाणारे बरेच आहेत. पावसात तोंडात चिखल जातो, मागे घेणाऱ्या गाडीचे चाक केबलवरून जाते आणि मग ती गन पंधरा दिवस पिशवी बांधून लटकते. धागाकर्त्यांनी पाहिलेली पिशवी कशामुळे होती ते मला ठाऊक नाही, पण माझ्याकडची याच कारणाने होती.

आणि हात जोडून एक विनंती आहे. मालक सापडत नाही म्हणून चार्जरवरचे लाल बटण दाबू नका. गेल्या मे महिन्यात एकाने ते दाबले. त्या गाडीचे चार्जिंग थांबले खरे, पण गन गाडीतच अडकून राहिली आणि चार्जर पुन्हा सुरू करायला दूरध्वनीवर दोन तास गेले. तोपर्यंत बटण दाबणाऱ्यासह पाच गाड्या माझ्याकडे जेवल्या. धंदा झाला, पण तसा धंदा नको.

खिडकीपाशी

लाल बटणाबद्दल सहमत आहे. आग, धूर, विजेचा धक्का अशा प्रसंगांसाठी ते आहे. दुसऱ्याची गन काढायचा प्रयत्नही करू नये. डीसी, म्हणजे जलद, चार्जिंगमध्ये गन गाडीच्या बाजूने कुलूपबंद होते आणि ओढाताणीत ती खीळच तुटू शकते. चार्जिंग संपले असले तरी काही गाड्यांत किल्लीने दार उघडल्याशिवाय गन सुटत नाही.

नवी_गाडी_जुना_चालक

मला एक भाबडी शंका आहे. दोन्ही गन चालू असताना एका गनला गाडी लागलेली असेल आणि मी दुसरी गन लावली, तर आधीच्या माणसाचा वेग निम्मा होतो असे म्हणतात. मग मी त्यांना विचारून लावावी का? परवा एका बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, जणू मी त्यांच्या ताटातली पोळी उचलली होती.

माठ_आणि_मीटर

शंका भाबडी नाही. ६० किलोवॅटच्या दुहेरी चार्जरमध्ये बहुधा दोन्ही गन चालू झाल्या की ३०-३० अशी वाटणी होते. पण रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या मुळातच ३०-३२ किलोवॅटपेक्षा जास्त घेत नाहीत. त्यांना तुमच्या येण्याने जवळपास काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो ५९ किंवा ७९ युनिटांच्या नव्या मोठ्या गाड्यांना, कारण त्या एकट्या असताना पूर्ण ६० ओढत असतात. परवानगी मागण्याची गरज नाही, कारण दुसरी गन दुसऱ्यासाठीच आहे. आपण लावणार असल्याचे सांगितले तर समोरच्याला वेळेचा अंदाज बदलता येतो आणि नजराही टळतात.

याची उलट बाजूही आहे. १८० किलोवॅटचा आणि ३० किलोवॅटचा असे दोन चार्जर शेजारी मोकळे असतील, तर ३० च घेऊ शकणाऱ्या गाडीने मोठ्यावर जाऊन बसू नये. तिला जास्त वेग मिळत नाही आणि मागून येणाऱ्या मोठ्या गाडीला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो.

घाटवाट

यात गाड्यांची शरीररचनाही बघावी लागते. क्रेटा इलेक्ट्रिक आणि झेडएस ईव्ही यांचे चार्जिंगचे तोंड समोर जाळीत, नेक्सॉनचे मागे, जिथे पेट्रोलचे झाकण असायचे तिथे. केबल लांडी असली की कोणी नाक खुपसून उभा, कोणी उलटा घुसलेला आणि कोणी दोन्ही जागांवर आडवा. आडव्या गाडीचा मालक म्हणतो की माझा नाइलाज आहे, आणि तो खरेच असतो. जागा आखणाऱ्याने चार प्रकारच्या गाड्या एकदा उभ्या करून पाहिल्या असत्या तर निम्मी भांडणे झालीच नसती.

खाडीपलीकडचा_नाना

मी कॅलिफोर्नियात असतो. इथेही हेच झाले आणि शेवटी सौजन्यावर विसंबणे सोडून कंपन्यांनी दर लावले. टेस्लाने डिसेंबर २०१६ पासून, चार्जिंग संपूनही गाडी न हलवणाऱ्यांकडून मिनिटाप्रमाणे आकार घ्यायला सुरुवात केली. काही मिनिटांत हलवली तर तो माफ होतो आणि बऱ्याच गनी मोकळ्या असतील तर लागतच नाही. इलेक्ट्रिफाय अमेरिका या चार्जर चालवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील दहा गर्दीच्या ठिकाणी ८५ टक्क्यांना चार्जिंग आपोआप बंद होईल, असा प्रयोग सुरू केला. लोकांनी बरीच ओरड केली, आणि ती करणाऱ्यांत स्मिताताईंसारखी खरी अडचण असलेली माणसेही होती. यंत्राला माणसाची अडचण कळत नाही, हा त्यातला दोष.

सावंतवाडीची_स्मिता

नाना, गर्दी असेल तरच आकार, हे मला पटते. ८५ ला बंद करणे पटत नाही. कोकणात ते केले तर एखाद्या रात्री कोणीतरी घाटात उभे राहील.

शिस्तप्रिय

साधा उपाय आहे. काचेवर आपला मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा. मागच्याला गरज वाटली तर तो फोन करील.

खिडकीपाशी

तुम्हाला साधा वाटतो. मी एकटी प्रवास करते आणि अनोळखी ठिकाणी रात्री माझा क्रमांक काचेवर लावायला मी तयार नाही. एकदा लावला होता. चार्जिंगसाठी एक फोन आला आणि त्यानंतर आठवडाभर 'कशा आहात' असे संदेश येत राहिले.

आता मी वेगळी पद्धत ठेवली आहे. वहीच्या अर्ध्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो आतून काचेला लावते : "८५ टक्के किंवा ४.२० पर्यंत. नंतर गाडी हलवीन. त्याआधी अडचण असल्यास उपाहारगृहात, खिडकीजवळचे टेबल." क्रमांकाची गरज पडत नाही आणि मागच्याला थांबायचे की पुढे जायचे हे लगेच ठरवता येते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नेमके तेवढेच हवे असते. ४.२० ला मी खरोखर हजर असते, ही त्यातली अट.

महामार्गावरचा_यजमान

हे मला फार आवडले. ज्यांना कागद लावायचा नाही त्यांनी क्रमांक आमच्या गल्ल्यावर किंवा रक्षकाकडे ठेवावा. उद्यापासून चार्जरपाशी दोरीला पाटी आणि खडू अडकवतो. जो येईल त्याने वेळ लिहावी, त्याखाली रांगेतल्याने आपला गाडी क्रमांक लिहावा, म्हणजे आधी कोण आले याचा वादही मिटेल.

रात्रीचा_सारथी

रांगेच्या पाटीवर बॅटरीचे टक्केही लिहायला सांगा. मी ४० वर असेन आणि माझ्या मागचा ५ वर असेल तर मी त्याला पुढे सोडतो. पण त्याचे ५ आहेत हे मला कळायला तर हवे. ज्याने अॅपवर वेळ आरक्षित केली आहे तो मात्र दहा मिनिटांत आला नाही, तर त्याने रांगेच्या शेवटी उभे राहावे.

नवी_गाडी_जुना_चालक

आणि माझ्यासारख्याचे, ज्याची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे? कंपनी सांगते की अधूनमधून १०० टक्के भरा.

माठ_आणि_मीटर

भरावी, पण ती घरी, पंधरा अँपिअरच्या प्लगवर, रात्रभर. एलएफपी सेलचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असल्यामुळे किती वीज शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो; पूर्ण भरल्यावर तो पुन्हा जुळतो. हे काम महामार्गावर, मागे चार गाड्या उभ्या असताना उरकायचे नाही.

कणकवलीकर

उशिरा लिहितो आहे, कारण गौरी-गणपती उरकून कालच मुंबईला परतलो. येताना मुद्दाम त्याच हॉटेलात थांबलो. पिशवी अजून तशीच होती. मी ३१ टक्क्यांवर गन लावली, खिडकीपाशी यांच्या पद्धतीने कागदावर "८५ किंवा १.१५ पर्यंत, आत डावीकडचे टेबल" असे लिहून काचेला लावले आणि जेवायला बसलो. पहिला घास घेतो न घेतो तोच एक आजोबा टेबलापाशी आले. त्यांची गाडी ११ टक्क्यांवर होती आणि डायलिसिससाठी पत्नीला तीनपर्यंत महाडला पोहोचवायचे होते. माझे तेव्हा ५२ झाले होते. पुढे माणगावला चार्जर चालू असल्याचे पाहून मी तिथल्या तिथे गन काढून त्यांना दिली. ८० चा विचार मनात आलाच नाही. तो आकडा त्या वेळी कोणाच्याच कामाचा नव्हता.

कागद तसाच काचेला राहिला आणि मी तो घेऊन माणगावपर्यंत आलो, हे तिथे उतरल्यावर लक्षात आले.

सावंतवाडीची_स्मिता

माणगावला रांग होती का?

कणकवलीकर

तीन गाड्या होत्या. दुसऱ्या क्रमांकावरच्या बाईंनी काचेवरचा कागद वाचला आणि सव्वा वाजून गेल्याचे मला सांगितले.